सोडता येईल असा डेटाबेस

लहान व्यवसायासाठी डेटाबेस निवडायचा विषय निघाला की गाडी लगेच नावांवर जाते. मायएसक्यूएल घ्यावं की पोस्टग्रेस, ॲक्सेस अजून चालतं का, सगळं क्लाउडवरच टाकलेलं बरं का. मालक विचारतो, इंजिनिअरिंगला असलेला भाचा मत देतो, सॉफ्टवेअरवाला डेमो दाखवतो आणि आगाऊ रकमेचा चेक निघतो. या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न बहुतेक वेळा कोणी काढतच नाही: हे सॉफ्टवेअर पाच-सात वर्षांनी सोडावं लागलं, तर आपली माहिती आपल्याला कोणत्या रूपात परत मिळणार?

माझ्या मते हाच पहिला प्रश्न आहे. लहान व्यवसाय वीस-तीस वर्षं चालतो, पुढच्या पिढीकडे जातो. सॉफ्टवेअर इतकं टिकत नाही. टिकलं तरी ते लिहिणारा माणूस नोकरी धरून बंगळुरूला जातो, विकणारी कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाते, नाहीतर नव्या विंडोजवर ते उघडेनासं होतं. म्हणजे सोडावं लागणार हे ठरलेलंच असतं, तारीख तेवढी माहीत नसते.

आपल्याकडच्या बाजारपेठांनी हे एकदा भोगलेलं आहे. 1980 च्या दशकात डीबेस आलं, मागोमाग फॉक्सबेस, क्लिपर, फॉक्सप्रो. मेडिकल स्टोअर, पतसंस्था, दूध संघ, आडत दुकान, छापखाना. संगणक जिथे शिरला तिथे काळ्या पडद्यावर यांपैकी कशाचा तरी मेनू दिसायचा. गावातल्याच एखाद्या हुशार मुलाने तो प्रोग्राम लिहिलेला असायचा. स्वस्त, चपळ आणि मालकाच्या रीतीभातीप्रमाणे बेतलेला. फॉक्सप्रो 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने मूळ कंपनीसकट विकत घेतलं. शेवटची मोठी आवृत्ती 2004 च्या अखेरीस आली, 2007 मध्ये यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असं जाहीर झालं आणि जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला आधारही बंद झाला. प्रोग्रामरांनी सह्यांची मोहीम काढली, विनवण्या केल्या. मालकी एकाच कंपनीची होती, त्यामुळे तिने नाही म्हटल्यावर विषय संपला.

याच्या शेजारी मायएसक्यूएलचा इतिहास ठेवून पाहा. 1995 मध्ये ते आलं, 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ते सुमारे 1 अब्ज डॉलरला घेतलं आणि 2010 मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. ज्या कंपनीचा मूळ धंदा महागडा डेटाबेस विकण्याचा, तिच्याच हातात फुकटचा डेटाबेस गेला म्हटल्यावर लोक धास्तावणारच. पण त्याचा कोड खुला होता. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी 2009 मध्येच त्याची वेगळी शाखा काढली, ती मारियाडीबी. (एका मुलीचं नाव माय, दुसरीचं मारिया. या गृहस्थांनी मुलींची नावं डेटाबेसना देऊन टाकली.) वापरणाऱ्यांसमोर दोन वाटा राहिल्या आणि दोन्ही आजही चालू आहेत. फॉक्सप्रो आणि मायएसक्यूएल, दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले, पण दुसऱ्यात बाहेर पडायला जागा होती.

फॉक्सप्रोच्या बाबतीतही सगळंच बुडालं नाही, हे सांगायला हवं. त्याची डीबीएफ फाइल इतकी साधी आणि सर्वांना माहीत असलेल्या रचनेची होती की ती आजही लिबरऑफिससारख्या फुकट प्रोग्राममध्ये उघडते. प्रोग्राम गेला, माहिती वाचली. ज्यांनी त्याच काळात कोणत्या तरी बंदिस्त, स्वतःपुरत्या फॉरमॅटचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्यांना मात्र छापील लेजरवरून पुन्हा एंट्र्या माराव्या लागल्या.

आता उदाहरणासाठी एक व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपासचा एखादा लहान प्रकाशक घ्या. पाचेकशे पुस्तकं, एक मासिक, एक दिवाळी अंक, काही हजार वर्गणीदार आणि गावोगावचे विक्रेते. त्यांना पुस्तकं जातात ती ‘विकली तर पैसे, नाही तर पुस्तकं परत’ या बोलीवर. वर्षाअखेरीला लेखकांना मानधनाचा हिशेब द्यायचा. कामाला सहा-सात माणसं.

या प्रकाशकाला पहिली भीती घातली जाते ती आकाराची. ‘साहेब, उद्या डेटा वाढला की हे झेपणार नाही’, असं म्हटलं की मालक गप्प होतो. हिशेब करून बघू. दिवसाला शंभर बिलं, प्रत्येक बिलात पाच ओळी, वर्षाचे तीनशे कामाचे दिवस. झाल्या दीड लाख ओळी. एका ओळीला दोनशे बाइट धरले तर वर्षाची विक्री सुमारे 30 एमबीत बसते आणि दहा वर्षांची 300 एमबीत. मोबाइलवर काढलेल्या शंभर फोटोंना तेवढी जागा लागते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची जी फुकट आवृत्ती आहे, तिला 2022 च्या आवृत्तीपर्यंत डेटाबेसमागे 10 जीबीची मर्यादा होती. आपल्या प्रकाशकाला ती गाठायला तीनशेहून जास्त वर्षं लागतील. तेव्हा ‘स्केल’ हा शब्द कोणी उच्चारला तर त्याच्यासमोर हा हिशेब मांडावा.

दुसरी बाजू म्हणते, मग एक्सेलच का नको? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक माणूस, एक तक्ता, रोज संध्याकाळी बेरीज एवढंच काम असेल तर एक्सेल उत्तम आहे, आणि तिथे डेटाबेसचा घाट घालणं ही उधळपट्टी. पण प्रकाशकाचं काम तेवढं नसतं. पुस्तकाचा आयएसबीएन घ्या. 2007 पासून तो तेरा अंकी आहे. एक्सेलच्या साध्या रकान्यात तो टाकला की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि ‘9.78ई+12’ अशा थाटात दाखवतं. तोवर मूळ अंक आत शाबूत असतात. मग कोणीतरी तीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह करून ऑनलाइन विक्रेत्याला पाठवतं. सीएसव्हीत जे पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं, आणि पाचशे पुस्तकांचे शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. पंधराहून जास्त आकडी बँक खात्याचा किंवा कार्डाचा नंबर असेल तर सीएसव्हीपर्यंतही जावं लागत नाही. एक्सेल पंधरा अंकांपुढचं सगळं शून्य करून टाकतं. चूक एक्सेलची नाही. ते हिशेबाचं साधन आहे आणि आपण त्याला नोंदवही म्हणून राबवतो.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने कोविडचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाल्याचं कबूल केलं. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ओतली जात होती, त्याची मर्यादा 65,536 ओळींची, आणि त्यापुढच्या ओळी मुकाट्याने गळत होत्या. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. मला यातला ‘मुकाट्याने’ हा भाग जास्त धोक्याचा वाटतो. डेटाबेस नीट आखलेला असेल तर तो चुकीची नोंद घ्यायला नकार देतो, ओरडतो, काम अडवतो. लोकांना ही कटकट वाटते. डेटाबेससाठी पैसे मोजायचे ते याच कटकटीसाठी.

इथे एडगर कॉड यांचं नाव घेणं भाग आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या गणितज्ञाने 1970 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्रात कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा त्याचा गाभा. त्याआधीच्या पद्धतींत माहिती आणि प्रोग्राम एकमेकांत गुंतलेले असत. रचना बदलली की प्रोग्राम मोडायचा. कॉड यांनी सुचवलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्ते एकमेकांशी समान किमतींनी जोडा आणि काय हवं ते सांगा, कसं काढायचं ते यंत्रावर सोडा. त्यांच्याच संस्थेतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 मध्ये यासाठी जी भाषा मांडली तिची पुढे एसक्यूएल झाली. आयबीएमचं जुनं उत्पादन जोरात खपत असल्यामुळे घरच्या या शोधाला बाजारात आणायला कंपनी रेंगाळली, आणि 1979 मध्ये पुढे ओरॅकल म्हणून गाजलेल्या एका छोट्या कंपनीने आधी विकून दाखवलं. कॉड यांना 1981 मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सोडता येण्याचा जो मुद्दा मी मांडतोय, तो असा या विद्येच्या मुळातच आहे: माहिती कुठल्याही एका प्रोग्रामच्या दावणीला बांधलेली नसावी.

म्हणून माझा आग्रह असा की सॉफ्टवेअर बघण्याआधी कागद घ्यावा आणि तक्ते आखावेत. यासाठी संगणक लागत नाही, धंदा माहीत असलेला माणूस लागतो. आपल्या प्रकाशकाचे तक्ते कोणते? पुस्तक एक आणि त्याच्या आवृत्त्या वेगळ्या, कारण किंमत आणि बांधणी आवृत्तीप्रमाणे बदलते. विक्रेता. पाठवणी, आणि पाठवणीतली एकेक ओळ. परत आलेली पुस्तकं. लेखक, आणि पुस्तकागणिक त्याच्याशी झालेला करार, कारण एका पुस्तकाला दोन लेखक असू शकतात आणि एकाच लेखकाचे दर दोन पुस्तकांना वेगळे असू शकतात. एवढं लिहिताना मालक आणि गोदाम सांभाळणारा यांच्यात वाद होतो. खराब होऊन परत आलेली प्रत साठ्यात धरायची की नाही? भेटप्रतींवर मानधन लागतं का? हे वाद कागदावर झाले तर फुकटात मिटतात. प्रोग्राम लिहून झाल्यावर उपटले तर दर वादाला वेगळं बिल येतं.

यातला एक मुद्दा जरा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे. साठा. बहुतेक घरगुती प्रोग्रामांत पुस्तकाच्या नावापुढे ‘शिल्लक प्रती’ असा एक रकाना असतो. विक्री झाली की त्यातून वजा, परत आली की अधिक. सोपं वाटतं. मग मार्चमध्ये लेखक विचारतो की माझ्या पुस्तकाच्या नेमक्या किती प्रती विकल्या गेल्या, आणि कोणालाच सांगता येत नाही. गेलेल्या प्रती दिसतात, पण त्यांतल्या किती विकल्या गेल्या आणि किती परत येऊन पुन्हा दुसरीकडे गेल्या हे त्या एका आकड्यात विरघळून गेलेलं असतं. जुन्या पेढ्यांवरचे मुनीम हे करत नसत. कीर्द वेगळी, खतावणी वेगळी. कीर्दीत घडेल ते घडेल तसं लिहायचं, चूक झाली तर खाडाखोड न करता उलट नोंद करायची, आणि शिल्लक नेहमी त्या नोंदींवरून काढायची. डेटाबेसमध्येही शिल्लक हा लिहून ठेवायचा आकडा नसावा, हालचालींच्या नोंदींतून काढायचा असावा. कंपनी कायद्याखालच्या नियमांनी 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची, कधीही बंद करता न येणारी नोंद ठेवणं बंधनकारक केलं, ते याच विचाराने. एकल मालकीच्या दुकानाला हा नियम लागू नाही. तरी ज्या सॉफ्टवेअरमध्ये झालेलं बिल मागमूस न ठेवता पुसता येतं, ते मी कोणालाही घ्या म्हणणार नाही.

आता आतल्या यंत्रणेकडे. फॉक्सप्रोच्या दिवसांत वापरलेल्यांना ‘री-इंडेक्स’ हा शब्द आठवत असेल. लोडशेडिंगमध्ये वीज गेली, यूपीएसने मान टाकली, की दिवे आल्यावर पहिलं काम री-इंडेक्स मारणं. असं का व्हायचं? एक बिल म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने अनेक लिखाणं असतात: बिलाचा मथळा, त्याच्या ओळी, साठ्याची हालचाल, पार्टीच्या खात्यावर रक्कम. त्या पद्धतीत प्रत्येक संगणक सामाईक फोल्डरमधल्या फाइलींवर थेट लिहीत असे. निम्मं लिहून होताच वीज गेली तर बिल आहे पण साठा तसाच, किंवा माहिती आहे पण तिची सूची बिघडलेली. सर्व्हर पद्धतीचा डेटाबेस काय करणार आहे ते आधी एका वेगळ्या रोजनाम्यात लिहितो, मग करतो. वीज गेली तर उठल्यावर रोजनामा वाचतो; पुरा झालेला व्यवहार पक्का करतो, अर्धवट राहिलेला मुळातून काढून टाकतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, एसक्यूएल सर्व्हर हे सगळे हे करतात, आणि चिमुकलं एसक्यूलाइटही आपल्या पद्धतीने हेच साधतं. सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेली ॲक्सेसची फाइल मात्र आजही त्या जुन्या दुखण्याच्या जवळपास असते.

नावांवर येतो. एकाच संगणकावर, एकाच माणसाने वापरायचं असेल तर एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी 2000 मध्ये ते सुरू केलं, कोणाच्याही मालकीचं नाही, आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते आधीच आहे, अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो आणि 2050 पर्यंत ते सांभाळण्याचा इरादा कर्त्यांनी जाहीर केलेला आहे. दोन गोष्टींचं भान ठेवावं: रकमांसाठी त्यात खास दशांश प्रकार नाही, म्हणून रुपये न साठवता पैसे पूर्णांकात साठवावेत, आणि ती फाइल नेटवर्कवर ठेवून चार जणांनी उघडू नये. दोन किंवा जास्त माणसं एकाच वेळी लिहिणार असतील तर पोस्टग्रेस. बर्कलेत 1986 च्या सुमाराला मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली त्याची सुरुवात झाली, 1996 मध्ये त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळालं, आणि ते कोणा एका कंपनीचं नाही हे माझ्या दृष्टीने त्याचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी चालवणारा विश्वासू माणूस हाताशी असेल तर तेही चालेल. त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

मोंगोडीबीसारखा तक्ते नसलेला डेटाबेस मात्र प्रकाशकाने, किराणा दुकानदाराने किंवा फाउंड्रीवाल्याने घेऊ नये. तो वाईट आहे म्हणून नव्हे. त्याची मोठी खूण अशी की रचना आधी ठरवावी लागत नाही, आणि लहान व्यवसायाला नेमकं तेच आधी ठरवण्याची गरज असते. शिवाय जानेवारी 2017 मध्ये इंटरनेटवर पासवर्डविना उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस कोणीतरी पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या सोडल्या होत्या. दोष बसवणाऱ्यांचा होता. पण लहान व्यवसायात बसवणाराही घाईतलाच असतो.

पोस्टग्रेस फुकट आहे म्हणजे खर्च नाही असं कोणी समजू नये. बसवायला, अद्ययावत ठेवायला, बॅकअप तपासायला माणूस लागतो आणि त्याचे पैसे लागतात. इथे एसक्यूएल जुनी असण्याचा फायदा कळतो. लातूर, सांगली, अकोला, कुठेही बीसीए-एमसीए झालेल्या मुलामुलींनी ती अभ्यासक्रमात शिकलेली असते. आज बसवणारा उद्या निघून गेला तर दुसरा मिळतो. नव्याकोऱ्या, चकचकीत तंत्राचा जाणकार गावात एकच असला की तो सांगेल तो दर.

फुकट डेटाबेस घेऊन हौशी माणसाकडून लिहून घेतलं की काय होतं त्याचा एक नमुना. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात सलग असावा लागतो आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. प्रोग्रामर काय करतो, डेटाबेसमध्ये आपोआप वाढणारा क्रमांक असतो तोच बिलाला लावतो. तो क्रमांक सलग राहील असं वचन डेटाबेसने कधीच दिलेलं नसतं. एखादा व्यवहार मध्येच फसला तर घेतलेला क्रमांक परत केला जात नाही, आणि 417 नंतर 419 येतं. वर्षाअखेरीला सीए विचारतो, 418 कुठे आहे? उत्तर कोणाकडेच नसतं. बिलाच्या क्रमांकासाठी वेगळी, कुलूप लावून चालणारी व्यवस्था लिहावी लागते. हे अवघड नाही, पण धंदा आणि डेटाबेस दोन्ही समजणाऱ्यालाच ते सुचतं.

म्हणूनच हिशेबाचा भाग स्वतः लिहून घेण्याच्या फंदात पडू नये. टॅली त्यासाठी आहे. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा मुलाने, भरत गोएंका यांनी, ते 1986 च्या सुमाराला बंगळुरूत तयार केलं. मूळच लहान व्यवसायाच्या गरजेतलं. त्याची फाइल त्याच्या स्वतःच्या रचनेची असली तरी माहिती बाहेर काढायची सोय आहे आणि गल्लोगल्ली जाणकार आहेत. प्रकाशकाने जमाखर्च टॅलीत ठेवावा. पाठवण्या, परत आलेली पुस्तकं, वर्गणीदार, लेखकांचे करार हे आपल्या डेटाबेसमध्ये. या दोहोंऐवजी एकच मोठं पॅकेज सगळं करून देईल असं सांगणारे येतील. त्यांतली काही चांगलीही असतात, पण त्यांनाही तोच पहिला प्रश्न विचारायचा.

मराठीतून काम करणाऱ्याला आणखी एक चाचणी घ्यावी लागते. फॉक्सप्रोच्या काळातल्या मराठी याद्या युनिकोडमध्ये नाहीत. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहिलं तर फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं जातात. फॉन्ट काढला की वर्गणीदारांची यादी म्हणजे नुसती गिचमीड. त्या याद्यांची अकारविल्हेही इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागते. आता युनिकोड आहे, तरी मायएसक्यूएल 2018 मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपर्यंत मूळ जोडणीत लॅटिन अक्षरंच गृहीत धरत होतं. ती जोडणी न बदलता मराठी भरलं की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, आणि मूळ अक्षरं कायमची गेलेली. ‘ऱ्या’मधला ‘ऱ’ तर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड आणि एक ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण डेटाबेसला वेगळे. त्यामुळे ‘गोऱ्हे’ शोधलं तर निम्मेच गोऱ्हे सापडू शकतात. विकत घेण्याआधी आपल्या यादीतली अशी वीस अवघड नावं टाकून पाहावीत. शोधून, क्रमाने लावून आणि बाहेर काढून.

बॅकअपबद्दल सगळे बोलतात, त्यामुळे थोडक्यात. जानेवारी 2017 च्या अखेरीस गिटलॅब या नामांकित कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला, आणि बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही धड चालत नसल्याचं तेव्हा उघड झालं. नशिबाने काही तासांपूर्वीची एक प्रत सापडली, तरी सहाएक तासांची माहिती गेली. त्यांच्याकडे तज्ज्ञांची फौज होती. बॅकअप घेतला जातो का, हे विचारून भागत नाही. तो दुसऱ्या संगणकावर चढवून बिलं दिसतात का, हे बघावं लागतं. आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह गल्ल्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये असून उपयोग नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा संगणक आणि ड्रॉवर एकाच उंचीवर होते. संगणकाला कायम खोचून ठेवलेल्या ड्राइव्हचंही तेच; खंडणीचा व्हायरस आला तर तो दोन्ही एका झटक्यात कुलूपबंद करतो.

राहिला क्लाउड. दरमहा पैसे भरून ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअरं आता लहान व्यवसायांकडे सर्रास आहेत, आणि सहा माणसांच्या कचेरीला सर्व्हर सांभाळण्यापेक्षा ती बरी पडतात हे मान्य. पण तिथे डेटाबेस आपण निवडतच नाही. निवडतो ते पुढचं दार, आणि डेटाबेस त्याच्या मागे कोणाच्या तरी घरी असतो. ‘एक्स्पोर्ट’ बटण आहे असं अभिमानाने सांगितलं जातं. ते दाबून बघा. बऱ्याचदा हाती येतात पाच सुंदर एक्सेल अहवाल, ज्यांत बिल आहे पण ते कुठल्या पाठवणीतलं याचा दुवा नाही. पार्टीचं नाव आहे, पार्टीचा क्रमांक नाही. त्यावरून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाणं म्हणजे पुन्हा हातानेच जुळवाजुळव. मागायचे ते अहवाल नव्हेत. मागायचे सगळे मूळ तक्ते, त्यांच्या जोडणीसकट, आणि कोणत्या रकान्यात काय आहे हे सांगणारा कागद. वर्गणीदारांचे पत्ते आणि फोन तुमच्याकडे विश्वासाने आलेले असतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्यांची जबाबदारीही मूलतः तुमच्यावर टाकली आहे, सॉफ्टवेअरवाल्यावर ढकलून सुटका नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खराही आहे. एवढं सगळं विचारणारं गिऱ्हाईक लहान विक्रेत्याला नको असतं. वर्षाला काही हजार रुपये देणाऱ्यासाठी तो करार बदलत बसणार नाही. बरोबर. म्हणून करार बदलून मागू नका, आधी घडवून मागा. डेमोच्या वेळी आपल्या खऱ्या पन्नास बिलांची माहिती त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा आणि म्हणा, आता ही सगळी मला बाहेर काढून द्या. जो चांगला आहे तो अर्ध्या तासात देतो. जो ‘त्याची काही गरज नाही, आम्ही आहोत ना’ म्हणतो, त्याचा चेक लिहू नका. आपल्याच सर्व्हरवर लिहून घेत असाल तर डेटाबेसचा मुख्य पासवर्ड, क्लाउडचं खातं आणि वेबसाइटचं डोमेन ही तिन्ही मालकाच्या नावावर आहेत ना, हे शेवटचा हप्ता देण्याआधी स्वतः लॉगिन करून पाहा.